राजीनाम्याआधीचं एक वर्ष

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, मी एकोणीस वर्षं नोकरी केली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ती सोडली. तेव्हापासून महिन्याकाठी एखादा तरी ओळखीचा माणूस चहाला बोलावतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच विचारतो, "सोडताना किती जमले होते हो तुमच्याकडे?" मी उलट विचारतो, "तुमच्या घराचा महिन्याचा खर्च किती?" उत्तर बहुतेक एकच येतं. "असेल पन्नास-साठ हजार."

हे 'असेल' जोवर जात नाही, तोवर राजीनाम्याचा विचार करू नका. पगार चालू असतो तेव्हा 'असेल' खपून जातं, कारण एक तारखेला पुन्हा पैसे येतात. पगार थांबला की त्याच 'असेल'मध्ये घर बुडतं. हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे. किती कोटी जमवायचे, कुठला फंड घ्यायचा, हे पुढे येईलच. पण ज्यांना पंचेचाळीस-पन्नाशीत नोकरीच्या रगाड्यातून बाहेर पडून साधं, कमी गरजांचं आयुष्य जगायचं आहे, त्यांनी आधी ते आयुष्य पगार चालू असतानाच एक वर्ष जगून बघावं.

त्याच्याही आधी एक गोष्ट. राजीनामा मार्चमध्ये देऊ नका. माझ्या नोकरीत मार्च म्हणजे टार्गेटचा महिना. रात्री दहाला खाली उतरायचो तेव्हा मेन रोडवरचे फेरीवाले माल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळत असायचे आणि माझा फोन तरीही वाजत असायचा. एका रात्री जिन्यात बसून राहिलो, उठवेना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि विचारलं, "शेवटची रजा कधी घेतली होती?" मला आठवलं नाही. त्या दिवशी माझ्या खिशात लिहून ठेवलेला राजीनामा होता. तो मी दिला नाही याबद्दल आज मी त्या डॉक्टरांचा ऋणी आहे. त्यांनी तीन आठवड्यांची रजा घ्यायला लावली. झोप परत आल्यावर कळलं की माझा निम्मा त्रास आजाराचा होता आणि निम्मा नोकरीचा. आजारावर औषध होतं. नोकरीवर विचार करायला डोकं थंड हवं होतं.

म्हणून झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टर. मनाचा त्रास कुणाशी बोलायचा हे कळत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं. मग रजा, जमली तर बिनपगारी लांब रजा. मग त्याच कंपनीत दुसरं काम किंवा दुसरी शाखा मिळते का ते बघणं. एवढं करूनही सहा महिन्यांनी मन तेच सांगत असेल, तर ते ऐकण्यासारखं आहे. चिडून सोडलेल्या नोकरीचा राग सहा महिन्यांत विरतो, पण गेलेला पगार परत येत नाही.

आता वहीकडे येतो. मी बर्डीवरून लाल कापडी बांधणीची हिशेबाची लांब वही आणली. मोबाईलवर नोंदी ठेवल्या तरी चालतं, पण आमच्या घरी वही स्वयंपाकघरात ओट्याजवळ खिळ्याला टांगली होती आणि पेन दोरीला. जो खर्च करेल त्याने लिहायचं. मुलगी तेव्हा नववीत होती, तीही लिहायची. "पाणीपुरी ४०" असं तिच्या अक्षरात आलं की आम्हाला आनंद व्हायचा, कारण वही घरातल्या सगळ्यांची झाली होती.

दोन-तीन महिन्यांचा हिशेब पुरत नाही, बारा महिने पाहिजेत. एप्रिलपासून नागपूर तापायला लागतं. कूलरचा पंप जळतो, गवताच्या जाळ्या बदलाव्या लागतात आणि मे-जूनचं विजेचं बिल बघून माणूस दोनदा नाव तपासतो. जूनमध्ये शाळा. पावसाळ्यात गच्ची गळते. मग गणपती, महालक्ष्म्या, दिवाळी. नंतर लग्नसराई आणि आहेर. मधेच कधीतरी गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, मालमत्ता कर. नोव्हेंबर-डिसेंबरची वही बघून ज्यांनी "आपलं तर चाळीस हजारांत भागतं" असं ठरवलं, त्यांना मे महिना गाठतोच. माझ्या वहीतलं १४ मेचं पान अजून जपून ठेवलं आहे. कूलरचा पंप, फ्रीजचं गॅस भरणं, सासूबाईंच्या डोळ्यांचे थेंब, भाचीच्या लग्नाचा आहेर आणि खाली बायकोच्या अक्षरात 'सांबार २०', म्हणजे कोथिंबीर. त्या एका दिवसात आम्ही आठवड्याभराचं बजेट संपवलं होतं. अशी पानं वर्षात पाच-सहा येतात. ती धरून जी सरासरी निघते तोच तुमचा खरा खर्च.

पहिल्या तीन महिन्यांत काही बदलू नका, नुसतं लिहा. आमची सरासरी ६१ हजारांवर गेली. मग आम्ही दोघांनी बसून प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करायला घेतली. हा खर्च जगण्याचा की नोकरीचा? माझं आयुष्य बदललं ते या खुणांनी. बाहेरचं जेवण, पेट्रोल, पार्किंग, इस्त्रीचे कपडे, ऑफिसातल्या वाढदिवसांच्या वर्गण्या हे नोकरीचे खर्च आहेत, हे कुणालाही समजतं. पण एक मोठा खर्च मला आधी दिसलाच नव्हता. आठवड्यातून दोन-तीनदा मी रात्री आठला ऑफिसातून उतरून थेट मेन रोडवरच्या दिव्यांमध्ये शिरायचो आणि काहीतरी घेऊन घरी जायचो. मुलीला बूट, बायकोला ड्रेस मटेरियल, मोदी नंबर तीनच्या गल्लीतून हेडफोन, कधी नुसतीच मिठाई. दिवसभर घरी नव्हतो याची ती भरपाई होती. वहीत ती 'इतर' म्हणून लिहिली जात होती आणि महिन्याला सहा-सात हजार होत होती. ही थकव्याची किंमत होती. नोकरी जितकी जड, तितकी ही किंमत जास्त, आणि ती भागवायला पुन्हा तीच नोकरी हवी.

चौथ्या महिन्यापासून आम्ही मेट्रोने जायला लागलो, डबा नेऊ लागलो, रविवारी सकाळी कॉटन मार्केटातून आठवड्याची भाजी आणायला लागलो. वर्षअखेर सरासरी ४५ हजारांवर आली. काय कमी झालं नाही तेही सांगतो. औषधं कमी झाली नाहीत, मुलीची फी नाही आणि आहेर नाही. आहेर कमी करायचा प्रयत्न आम्ही एकदा केला, मनाला लागला, सोडून दिला. साधेपणा नात्यांच्या जिवावर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे आनंद आहे तिथे पैसे राहू द्या. आमच्या घरी शनिवारी सकाळी तर्री पोहे बाहेर खायचे ही पद्धत आजही आहे आणि त्याची नोंद वहीत दिमाखात होते.

या वर्षाचा दुहेरी फायदा असतो. हातात एक लाख पगार येत असेल आणि तुम्ही ४५ हजारांत राहिलात तर वर्षात ६ लाख ६० हजार बाजूला पडतात. आणि जमलं नाही, घरात चिडचिड झाली, मुलं नाराज झाली, तर नुकसान काहीच नाही, नोकरी शाबूत आहे. तेव्हा लक्षात घ्या की सोडायची वेळ आली नाही, किंवा आकडा मोठा धरायला हवा.

आता आकड्याकडे. परदेशात या विषयावर बरंच काम झालं आहे. विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने १९९४ साली एक निबंध लिहिला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढायचे, नंतर महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची, तर शेअर्स आणि रोख्यांत विभागलेली पुंजी तीस वर्षं टिकते, असं त्याने तिथल्या जुन्या आकड्यांवरून दाखवलं. 'वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट' हा सगळीकडे फिरणारा नियम तिथून आला. तो आपल्याकडे जसाच्या तसा घेऊ नका. आकडे अमेरिकेचे, महागाई अमेरिकेची आणि मुदत तीस वर्षांची. पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला चाळीस वर्षांची सोय करायची असते. म्हणून मी तीन टक्के धरतो, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या साधारण तेहेतीस पट. महिना ४५ हजार म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार, त्याच्या तेहेतीस पट १ कोटी ७८ लाख. राहतं घर यात धरायचं नाही, ते विकून खाता येत नाही. मुलांच्या शिक्षणाचा पैसा वेगळा, आजारपणाचा वेगळा.

आकडा ऐकून बरेच जण चहाचा कप खाली ठेवतात. त्यांना मी त्याच वहीच्या मागच्या पानावर दोन हिशेब करून दाखवतो. पहिला असा. दरमहा हजार रुपयांची एक सवय म्हणजे वर्षाला बारा हजार, तेहेतीस पटीने जवळजवळ चार लाख. म्हणजे एक हजाराची सवय सुटली की चार लाख कमी जमवावे लागतात. आमचा खर्च ६१ वरून ४५ वर आला तेव्हा लागणारी पुंजी ६३ लाखांनी उतरली. असे ६३ लाख कमवायला मला किती मार्च लागले असते!

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. नोकरी सोडणं म्हणजे कमाई सोडणं नव्हे. मी आता आठवड्यातले तीन दिवस दोन दुकानांचे हिशेब लिहितो, महिन्याला वीस हजार मिळतात. ४५ हजारांतले वीस असे आले की पुंजीवर भार फक्त पंचवीस हजारांचा, म्हणजे वर्षाला तीन लाखांचा. त्याच्या तेहेतीस पट ९९ लाख. वीस हजारांचं हलकं काम असं ७९ लाखांच्या पुंजीची जागा भरून काढतं, निदान ते काम चालू आहे तोवर. शिकवणी, हिशेब, भाषांतर, दुरुस्ती, स्वयंपाक, जे तुमच्या हातात आहे त्याचं हलकं रूप शोधा. नोकरी सोडण्याआधी त्यातून एक तरी महिना पैसे मिळवून बघा. "सोडल्यावर कन्सल्टन्सी करू" असं म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असतो की पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव काय.

पुंजी कुठे ठेवायची यावर मी लांबण लावत नाही. पण नागपुरातल्या जुन्या बँकवाल्यांकडून शिकलेली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, देशभरात मोठ्या संख्येने कर्मचारी बाहेर पडले. आमच्या ओळखीतलेही होते. हातात एकरकमी पैसे आले तेव्हा ठेवींवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज होतं आणि त्या व्याजावर घर चालेल असा सरळ हिशेब होता. तीन-चार वर्षांत ते व्याज सहा टक्क्यांच्या खाली आलं. ज्यांनी युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेत पैसे घातले होते, त्यांच्या युनिटांची खरेदी-विक्रीच जुलै २००१ मध्ये थांबली. ती माणसं उधळी नव्हती, उलट फार जपून राहणारी होती. फक्त त्यांनी सगळं एका जागी ठेवलं आणि आजचं व्याज कायम धरलं.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे सगळं शेअर बाजारात. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आठ हजारांच्या आसपास होता. नोकरीत असलेल्याला हे झेपतं, तो विकत नाही. ज्याला घर चालवायला दर महिन्याला विकावंच लागतं, त्याची पुंजी अशा वेळी कायमची झिजते. सोडल्यानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत असं झालं तर ते सर्वांत घातक. म्हणून तीन वर्षांचा खर्च बँकेच्या ठेवीत वेगळा ठेवा, काही भाग पीपीएफसारख्या सरकारी योजनांत आणि उरलेला, ज्याला सात-आठ वर्षं हात लावायचा नाही, तो इंडेक्स फंडात. सहा टक्क्यांच्या महागाईने बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे ४५ हजार तेव्हा ९० हजार असतील, म्हणून नुसत्या ठेवींवर चाळीस वर्षं काढता येत नाहीत.

पीपीएफ तिशीत उघडलेलं असेल तर पंधरा वर्षांनी, म्हणजे नेमकं सोडायच्या वयात, त्याची मुदत पुरी होते. बंद करू नका. पाच-पाच वर्षांनी वाढवता येतं आणि वर्षातून एकदा करमुक्त रक्कम काढता येते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीनंतरची, स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर पंचावन्नपासूनची, म्हणून पंचेचाळिशीच्या माणसाने ती हिशेबात धरू नये. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना वयाच्या अटीशिवाय आहे, एकाच्या नावे नऊ लाख आणि संयुक्त पंधरा लाखांपर्यंत. आणि हे ठळक लक्षात ठेवा की बँकेतल्या ठेवींना दर बँकेमागे प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच विमा असतो, तर पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागूच नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी आयुष्यभराची पुंजी गल्लीतल्या पतसंस्थेत ठेवलेली माणसं मी रडताना पाहिली आहेत.

आरोग्य विमा हा सगळ्यात जास्त विसरला जाणारा मुद्दा आहे. कंपनीचा समूह विमा शेवटच्या दिवशी संपतो. त्यानंतर पॉलिसी घ्यायला गेलात आणि रक्तदाब-मधुमेह निघाला, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून ही वाट नोकरीत असतानाच चालून टाका. घरच्यांची स्वतंत्र पॉलिसी राजीनाम्याच्या किमान तीन वर्षं आधी घ्या. आजार लपवू नका, दावा नाकारला जातो तो तिथेच. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे. पॉलिसी असली तरी चार-पाच लाख आजारपणासाठी वेगळे असू द्या, सगळी बिलं विमा भरत नाही. आणि घरावर कर्ज असेल तर ते फिटेपर्यंत थांबा. कर्ज डोक्यावर घेऊन साधेपणा करता येत नाही, ती फक्त चणचण असते.

शेतीबद्दल दोन शब्द, कारण आपल्याकडे नोकरी सोडायचं स्वप्न बहुतेक वेळा एका विहिरीपाशी आणि चार संत्र्याच्या झाडांपाशी जाऊन थांबतं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला, काही अपवाद सोडले तर, शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या किंवा वडिलांच्या नावाचा सातबारा नसेल तर आधी तलाठ्याकडे आणि वकिलाकडे जा, मग जाहिराती वाचा. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून विकलं जाणारं बरंचसं अकृषक झालेलं नसतं. आणि विदर्भात राहून हे बोलताना मनात एक गोष्ट सलते. आपण जो साधेपणा हौसेने निवडतो, तो इथल्या कापूस पिकवणाऱ्या घरांत नाइलाजाने असतो. त्यांच्याकडे तेहेतीस पट सोडा, पुढच्या हंगामाची सोय नसते. नोकरी सोडण्याची मुभा ही आपल्याला मिळालेली मोठी सवलत आहे, ती त्याच जाणिवेने वापरावी.

नोकरी सोडून करायचं काय, याचं उत्तर शोधताना मला वर्ध्याच्या एका हिशेबनिसाचा फार आधार वाटला. जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबतपासणीचं शिक्षण, मुंबईत स्वतःची चांगली चाललेली पेढी, अमेरिकेत अर्थशास्त्र. १९२९ साली गांधीजींना भेटले आणि पेढी मागे पडली. १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, त्याची जबाबदारी घेऊन ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहिले. पुढे काही काळ वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला. नागपूरहून वर्ध्याला जाताना ते गाव लागतं, मी तिथे उतरून आलो आहे. कुमारप्पांनी आकडेमोड सोडली नाही. व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने गुजरातेतल्या मातर तालुक्याच्या शेतकऱ्यांचं उत्पन्न घरोघर जाऊन मांडलं. बिहारच्या भूकंपाच्या मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता तेव्हा गांधीजींसोबत आलेल्या मंडळींचा खर्चही त्यांनी निधीवर पडू दिला नाही. तुरुंगातही गेले. साधं राहणं म्हणजे आराम करणं नव्हे, आणि आयुष्यभर मिळवलेलं कसब फेकून देणंही नव्हे, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे आणि आजही हिशेबच लिहितो. फक्त आता रात्री दहाला फोन वाजत नाही.

मराठीत याची आणखी उदाहरणं आहेत. दिलीप कुलकर्णी टेल्कोतली इंजिनिअरची नोकरी सोडून पुढे दापोली तालुक्यातल्या कुडावळ्याला जाऊन राहिले, पर्यावरणाला न ओरबाडता जगण्याचं व्रत घेऊन, आणि 'गतिमान संतुलन' हे मासिक चालवत आले. मला त्याहून जवळचं वाटतं ते डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांचं. दोघंही डॉक्टर. सुनंदाताईंनी पुण्याच्या मनोरुग्णालयात नोकरी केली, त्या पगारावर घर चाललं आणि अनिल अवचटांनी दवाखाना न थाटता लेखन केलं, समाजकाम केलं, मुली वाढवल्या, घर सांभाळलं. पुढे १९८६ मध्ये दोघांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. आपण अनिल अवचटांचं मोकळेपण बघतो, पण त्याखाली एक पगार होता आणि तो मिळवणारी बाई तितकीच तयार होती. तुमच्या घरी दोन पगार असतील तर दोघांनी एकदम सोडू नका. एकाने सोडावं, आणि कुणी ते दोघांनी मिळून ठरवावं. ज्याने सोडलं त्याने घरचं अर्धं नव्हे, अर्ध्याहून जास्त काम उचलावं.

घरच्यांशी बोलण्याचं तंत्र नसतं, पण वेळ असते. आकडे तयार झाल्यावर बोला, आधी नको. आमच्या घरी मी वही पुढे ठेवून बायकोला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "पैशांचं मला कळलं, ते जमेल. पण तुम्ही दिवसभर घरी असाल, त्याचं काय?" मला वाटलं होतं ती महागाई विचारेल. ती दुपारी दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. ते तिचे तास, तिची खोली, तिची शांतता. मी घरी बसून प्रत्येक गोष्टीत ऑफिससारखं लक्ष घालीन ही तिची भीती होती आणि ती रास्त होती. म्हणून ठरलं की दुपारी बारा ते पाच मी घरी नसेन. सुरुवातीला मी विदर्भ साहित्य संघाकडे नाही तर महाराजबागेत जायचो, पुढे हिशेबाची कामं मिळाली. हे ठरवलं नसतं तर आमचं बिनसलं असतं.

बाबांना सांगणं जास्त कठीण गेलं. ते गावी असतात. फोनवर बराच वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "काऊन रे, हापिसात काही झालं का?" त्यांच्या पिढीत चालू नोकरी सोडणं म्हणजे काहीतरी भानगड. मी वही घेऊन गावी गेलो. ऐंशीच्या घरातल्या माणसाने चष्मा लावून पानं उलटली आणि औषधांच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे वाढवून धर." ते बरोबर होतं. आम्ही त्या रकान्यात महिन्याला दोन हजार वाढवले आणि त्यासाठी मी आणखी काही महिने नोकरी केली. मूल दहावी-बारावीत असेल तर तेवढी वर्षं थांबा, किंवा पदवीपर्यंतचा पैसा आधी बाजूला काढून मुलाला तो दाखवा. त्याला वाटता कामा नये की बाबांच्या मोकळेपणाची किंमत आपण मोजतो आहोत.

सोडताना कागद नीट घ्या. अनुभवपत्र, फॉर्म १६, ग्रॅच्युइटीचा हिशेब. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली का ते महिन्याभरात तपासा, नाहीतर पुढे अडतं. दहा वर्षं सेवा झाली असेल तर पेन्शन योजनेचं प्रमाणपत्र मागून ठेवा, अठ्ठावन्नाव्या वर्षी थोडी का होईना पेन्शन लागते. पीएफची रक्कम लगेच काढायची घाई नको, पण सोडल्यानंतर त्यावर मिळणाऱ्या व्याजावर कर लागतो हे धरून चाला.

आणि पहिले सहा महिने कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका. दुकान टाकू नका, जमीन घेऊ नका, गाडी बदलू नका. नोकरी सुटलेल्या माणसाच्या खात्यात पैसे आले आहेत हे नातलगांना लवकर कळतं. माझ्याकडे तिसऱ्याच आठवड्यात एक भाचा आला. व्यवसायाला पाच लाख हवे होते, मुलगा चांगला, कष्टाळू. नाही म्हणायची माझी हिंमत होईना. बायकोने ओट्याजवळची वही काढून त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "बेटा, मामाचा पगार आता यातून निघतो. यातले पाच लाख गेले तर महिन्याचे बाराशे-साडेबाराशे कायमचे जातात. कुठला रकाना कापू, तूच सांग." त्याने बराच वेळ पानं चाळली. मग त्याने स्वतःच्या खर्चाची गोष्ट काढली, आणि दुसऱ्या रविवारी मी त्याला बर्डीवरून तशीच लाल वही आणून दिली.